गुरुवार, सहा ते नऊ

आमच्या इमारतीच्या तळघरात दोन वॉशिंग मशीन आहेत,
एक ड्रायर, आणि भिंतीवर वेळांचा फळा.
हवी ती वेळ धरायची, त्या भोकात आपलं कुलूप लावायचं.
एका घराला एकच कुलूप. माझ्यावर आकडा चौदा.
नॉरशोपिंगच्या या गल्लीत
राज्यघटना म्हणावी अशी एवढीच वस्तू.

तीस वर्षं मी शाळेत न्याय शिकवला.
जुलमी राजाला मारावं का?
बुडत्या नावेतून आधी कुणाला ढकलावं?
मुलं हिरिरीनं भांडायची.
पुढे राजा कुणाच्याच वाट्याला आला नाही,
नावही नाही.
वाट्याला आली ती ड्रायरची जाळी,
आधीच्या माणसानं साफ न केलेली:
बोटभर राखाडी लव, त्यात एक परका केस.

इथली पापं सगळी चिल्लर.
दुसऱ्याचे ओले कपडे उपसून फरशीवर ठेवणं.
दारावरचं अनोळखी आडनाव वाचून
“हे लोक” म्हणणं, हळूच,
जिन्यात कुणी नाही हे बघून.
मीही एकदा बारा नंबरची अर्धी वेळ खाल्ली
आणि त्याच संध्याकाळी
प्रामाणिकपणावरच्या धड्याचं टाचण काढलं.
टाचण चांगलं उतरलं होतं.

चिठ्ठ्या लिहिते तिसऱ्या मजल्यावरची गुनवोर.
अक्षरं सुटी, ताठ, ठोकलेल्या खिळ्यांसारखी:
“तुमची आई इथे कामाला नाही.”
“जाळी. जाळी. जाळी.”
खालची रेघ इतकी दाबून की कागद फाटलेला.
क्रूरता अशीच सुरू होते, मला वाटायचं,
टाचणीच्या टोकानं.

ऑक्टोबरात नऊ नंबरमध्ये लेतेब्रहान आली,
तिच्या म्हाताऱ्या बापाला घेऊन.
मग रात्री दोनला मशीन सुरू व्हायला लागलं.
भिंतीतले पाइप थरथरायचे,
अख्खी इमारत कूस बदलायची.
मी तक्रार लिहिली. तीन परिच्छेद, अतिशय सभ्य,
शेवटी “सर्वांच्या हितासाठी”.

ती दाराखाली सरकवायला म्हणून रात्रीच उतरलो.
तळघरात दिवा चालू.
उपड्या टोपलीवर बसल्याबसल्या ती झोपली होती,
काचेआड एकच चादर फिरत होती, गरगर, एकटी,
आणि खोलीत तो वास.
मला तो ठाऊक होता,
आईच्या शेवटच्या हिवाळ्यापासून.
कागद कोटाच्या खिशात गेला.
याला दया वगैरे म्हणू नका.
पाय मागे वळले, इतकंच.

पुढच्या गुरुवारी, संध्याकाळच्या सर्वांत सोयीच्या वेळेवर
गुनवोरचं कुलूप
आणि मशीनपाशी लेतेब्रहान.
लगेच माझ्या मनानं पंचनामा केला: चोरी!
(दोन वाजताची ती झोप
मी इतक्यात विसरलो होतो.)
मग मशीनच्या झाकणावर खिळे दिसले:
“मी येणार नाही. वेळ वाया घालवू नका.
जाळी साफ करा.”

त्यानंतर दर गुरुवारी तिचं कुलूप तिथंच.
जिन्यात मी विषय काढला.
“मी कपडे हातानंच धुते,” ती म्हणाली, “पहिल्यापासून.”
पहिल्यापासून!
वीस वर्षं तिचं वेळापत्रक मला पाठ आहे.
तिच्या बाल्कनीत आता नोव्हेंबरच्या थंडीत
एक ब्लाउज ठिबकत असतो,
ठिबकता ठिबकता ताठ होतो.
ढोंग हा दुर्गुण, असं मी किती वर्गांना सांगितलं.
एवढं धडधडीत खोटं बोलताना
तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती.

परवा माझा कोट धुतला.
खिशातली तक्रार आतच राहिली होती.
ड्रायर उघडला तर जाळीवर पांढरे कपटे,
कुणाच्या हिताचं एक अक्षरही वाचता येईना.
बोटानं खरवडून काढले सगळे,
कोपऱ्यातला शेवटचासुद्धा.

त्यात दहा मिनिटं जास्त गेली.
बारा नंबरची.