झोन सात

गांगुर्डेंची चावी त्यांच्या खांद्याइतकी उंच,
वर आडवा दांडा, मुठीच्या जागी चकाकणारा,
बाकी सगळी गंजलेली.
मखमलाबादच्या टाकीखाली
मी पॅनलचं झाकण उघडून बसले होते
आणि ते चावीला टेकून उभे,
बसची वाट बघावी तसे.

किती फेरे?
बावीस. आणि एक हात.
एक हात म्हणजे?
त्यांनी हवेत पाव वर्तुळ काढलं.
मी लिहिलं : सव्वाबावीस.

बंद करताना?
सावकाश. झपकन दाबलं तर पाणी मागं फिरतं
आणि पाइपाच्या थोबाडीत मारतं.
एकदा चौकातला रस्ता उचलला होता त्यानं,
वर उभ्या रिक्षासकट.
मी लिहिलं : एकशे ऐंशी सेकंद.

आणि हवा?
ती खोकते. आधी कोरडं, मग ओलं.
ओलं खोकली की समजायचं, आलं.
मला त्या खोकल्याचे मिलिअँपिअर करायचे होते.
दोन दिवस गेले त्यात.

वरची टाकी भरली की पंप आपोआप थांबेल,
खालचा हौद रिकामा असेल तर सुरूच होणार नाही,
मी समजावलं.
म्हणजे त्याला डुलकी लागत नाही, ते म्हणाले
आणि पहिल्यांदा हसले.

मग चावी व्हॉल्ववर टेकवून
वरच्या टोकाला त्यांनी कान लावला.
या, ऐका.
मी एका कानातलं काढून हातात धरलं.
अंबडच्या कारखान्यात अकरा वर्षं रिले ऐकलेत मी,
कुठला चिकटलाय ते डोळे मिटून सांगते.
हे निराळं होतं.
लांब कुठेतरी कुणीतरी भरलेलं पोतं ओढत नेत होतं,
थांबत नव्हतं.

सातव्या झोनचं गणित मात्र जमेना.
पाइप सहा इंची, घरं एकशे दहा,
बत्तीस मिनिटं पुरे.
रजिस्टरात रोज बत्तीसच,
पेन्सिलीनं, एकाच वळणाचे.
माझं मीटर चाळीस दाखवत होतं.

आठ मिनिटं कुठे जातात, काका?
ते रामशेजकडे बघत राहिले,
जसं काही डोंगरच नेतो.
शेवटचं घर चढावर आहे, म्हणाले.
बाकीच्यांच्या टाक्या वाहायला लागतात
तेव्हा कुठे तिथं धार लागते.
कोण राहतं?
मोटर नसलेलं माणूस.

साहेबांच्या तक्त्यात आठ मिनिटांना रकाना नव्हता.
प्रोग्राममध्ये मी त्यांना नाव दिलं :
लाइन भरण्याचा अवधी.
खोटं नाही.
पुरतं खरंही नाही.

चावी स्टोअरला जमा झाली.
पावतीवर : लोखंडी, एक नग.
गांगुर्डेंनी पावतीची नीट चौघडी केली, खिशात घातली,
जाता जाता विचारलं,
पाणी सुटलं की साहेबांना मेसेज जातो म्हणे.
माझाही नंबर बसेल का त्यात?

बसला.
रोज पहाटे चार दहाला मशीन कळवतं :
झोन सात चालू.
आणि चार अकराला, ज्या नंबरवर कुणीच वाचत नाही
त्या नंबरवर उत्तर येतं :
ठीक.
महिनाअखेरीला नोंदी तपासताना मला ते सापडले.
ठीक. ठीक. ठीक. एकदा : गढूळ आहे.
एकदा नुसतं : थंडी फार.

मग एका गुरुवारी पडद्यावर सगळं हिरवं होतं,
व्हॉल्व शंभर टक्के उघडा,
आणि चार एकोणीसला त्यांचं :
नाही.

मोटर फिरली होती. दांडा फिरला होता.
आतलं गेट दांड्यापासून तुटून
तळाशी जाऊन बसलं होतं,
आणि ते सांगायला त्याच्याकडे तार नव्हती.

हे सगळं नंतर कळलं, चेंबर खोलल्यावर.
मी स्कूटर लावली तेव्हा अजून अंधार होता.
गांगुर्डे चेंबरच्या काठाशी उकिडवे बसलेले,
अंगात स्वेटर, पायांत घरातल्या चपला,
घरची पहार खाली टेकवून
तिच्या टोकाला कान.

माझ्याकडे न बघता
ते जरा बाजूला सरकले.
मी कानातलं काढलं.