नवाचे सहा

पूल माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा.
म्हणून शाळेत नाव घालताना
मास्तर त्याच्या पाटीवरचं साल बघायला गेले,
शिडी चढून, धोतर सावरत.
आकडे कानडी. शेवटच्या नवाचे त्यांनी सहा वाचले
आणि कागदावर मी पुलाहून थोरली झाले.
अजून तशीच आहे.

खानापूरच्या पुढं, मलप्रभेच्या वळणावर
भाताच्या दोन शेतांमध्ये तो उभा,
दोन्ही टोकं जमिनीपासून दीड पुरुष उंच,
कुणी वाक्य मधूनच सुरू करावं
आणि मधूनच सोडून चहाला जावं, तसा.

अलीकडची शिडी मष्णूमामाची. कळकाची, अकरा पायऱ्यांची.
पावसाळ्यात एखादी कुजते, दिवाळीला तो नवी बांधतो.
पलीकडची भरमाण्णाची, लोखंडी.
त्याचा त्याला फार तोरा.

वर आम्ही नाचणा वाळवतो, ते मिरच्या.
मधे खडूची रेघ, ती दरवर्षी थोडी सरकते.
त्यावरून भांडण, भांडणातून ओळख,
आणि ओळखीतून माझ्या आत्याचं लग्न.
वरात शिडीनं उतरली:
आधी नवरी, मग करवली,
मग रुखवताचं पिंप,
ते हातातून सुटलं आणि थेट चिखलात.
आत्या अजून त्या पोच्यात तांदूळ ठेवते.

चाक म्हणाल तर त्याच्यावरून एकच फिरलं,
शिवलिंगव्वाच्या नातवाचा टायर, काठीनं हाकलेला.

अधूनमधून मोजणीवाले येतात,
लाल खुंट्या ठोकून जातात.
शेळ्या बांधायला बऱ्या.
गेल्या माघात आलेला साहेब अगदी पोरगा होता,
बुटाला चिखल लागलेला.
त्यानं आईला विचारलं, “रस्ते एल्लैत्री?”
आईला कानडीचं एक अक्षर येत नाही,
पण तिला कळलं.

आमचा तो पूल, त्यांची ती सेतुवे.
रस्त्याला मात्र दोघांकडं एकच शब्द,
एका मात्रेचा काय तो फरक.
आणि नेमकं तेवढंच आलेलं नाही.

“येऊलाय,” आई म्हणाली,
बाजाराला गेलेल्या माणसाबद्दल सांगावं तसं,
आणि त्याला पाणी दिलं.

मला आता कानडी वाचता येतं.
नऊच आहेत. स्पष्ट.
दाखला दुरुस्त करायचा तर तालुक्याला जायला हवं,
म्हणजे नदी ओलांडून.
उन्हाळ्यात आम्ही पात्रातूनच जातो,
दगडावरून दगडावर, तिसऱ्या गाळ्याखालून.
तिथं सावली चांगली पडते.