चौथा रकाना

बिश्केकहून शिक्का यायचा होता.
तोवर दारावर खडूनं लिहिलं:
उझुन-सुउ खोरे जल प्राधिकरण.
याच खोलीत पूर्वी सामूहिक शेतीचं बियाणं असायचं.
फटीफटींत अजून सातूचा वास,
आणि उंदरांना कुणी शासननिर्णय दाखवला नव्हता.

संचालक एर्मेक, वय एकतीस,
त्यानं पहिल्या दिवशी मालमत्ता मोजली:
टेबलं तीन, पैकी एक लंगडं.
प्रवाहमापक एक, खोक्यातच.
फावडं एक.
फावडं आमचं नव्हतं, ओरोझालीचं होतं,
पण तो ते हातातून ठेवीना
म्हणून दोघांची नोंद एकाच ओळीत झाली.

ओरोझाली आमचा मुराब. पाटकरी.
चाळीस वर्षं घरटी पायलीभर सातूवर
सात गावांची दारं धरत आला.
फावड्याच्या दांड्यावर सात खाचा,
दांडा पाण्यात उभा करायचा, खाच बघायची,
आणि भांडणाऱ्याकडे बघायचं.
यंत्र यातलं पहिलंच करतं.

पाळी कुणाची आधी?
दोन दिवस बैठक चालली.
तोरत-बुलाकची कालिपा आपा म्हणाली,
वरचं पाणी आधी वरच्यांचं,
हे बर्फालासुद्धा ठाऊक आहे.
आक-कुमची बुबुसारा दाराजवळ बसली होती,
तिची परतीची गाडी लवकर असते.
ती काहीच बोलली नाही.
पाटाच्या शेपटाला राहणारे
बोलणंही जपून वापरतात.

शेवटी थकून एर्मेक म्हणाला,
मुळाक्षरांप्रमाणे लावू.
सगळ्यांनी माना हलवल्या.
मुळाक्षरांनी आजवर कुणाचं काय वाकडं केलंय?
सगळ्यांनी सह्या केल्या, चहा झाला.
रात्री मी यादी शाईनं उतरवायला घेतली
आणि पहिल्याच ओळीवर पेन थांबलं.

आक-कुम.
पाण्यापासून एकोणीस किलोमीटर,
'अ'पासून शून्य.

कालिपा आपा तीन दिवस फिरकली नाही.
चौथ्या दिवशी अर्ज घेऊन आली:
आमच्या गावाचं नाव बदलून
आक-बुलाक करण्यात यावं.
एर्मेकनं दोनदा वाचला, घडी घातली,
म्हणाला, हे आमच्या खात्यात येत नाही.
तेव्हा मला पटलं
की कार्यालय खरोखर सुरू झालंय.

तीन मेच्या रात्री ओरोझालीनं
एकेक करून सहा दारं बंद केली.
प्रत्येक दारापाशी कागद, कागदावर सही,
सहीच्या वेळी कंदील त्याच्या दातांत.
मग तो पाण्याच्या तोंडाबरोबर चालत निघाला,
पाणी थांबलं की थांबायचा, काटक्या काढायचा,
पुन्हा दोघं निघायचे.
उजाडताना आक-कुमला पोचले.

आणि तिथे चर होताच कुठे?
ऑगस्ट संपताना ओल तेवढी यायची
म्हणून पोरांनी त्यात गोल आखले होते,
कुणी खुराडं बांधलं होतं,
एका ठिकाणी चरातच जर्दाळू उगवून
फळावर आलं होतं.
पाण्याला यातलं काही कळवलेलं नव्हतं.

सकाळी बुबुसारा आली.
गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ओली कोंबडी, जिवंत.
एवढं पाणी का सोडलंत? म्हणाली,
पण आवाज रागाचा नव्हता,
जन्मात पहिल्यांदा काहीतरी
जास्त झालेल्या बाईचा होता.
ओरोझाली भिंतीला टेकून झोपला होता.
कोंबडी प्रवाहमापकाच्या खोक्यावर जाऊन बसली.

मी तक्रारवही उघडली. अनुक्रमांक एक.
बिश्केकहून छापून आलेले रकाने तीन:
पाणी कमी. पाणी उशिरा. पाणी चोरीला.
बुबुसारा उभीच होती, टपटप गळत.
मी पट्टी घेतली
आणि समासात, जेमतेम मावेल असा,
एक रकाना आखला.
त्याला नाव काय द्यायचं
ते एर्मेक वर विचारून सांगणार आहे.