पालथं पाकीट

आमच्याकडे पैशाला पैसे म्हणत नाहीत.
ढमढेरे साहेब विचारतात, 'ते' आलं का?
मी सांगते, 'ते' सोमवारी येईल म्हणाले.
जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच काहीसं.
सव्वीस वर्षं भोसरीतल्या या स्प्रिंगच्या कारखान्यात
मी 'ते' जमा करते, 'ते' नावे टाकते,
आणि टपालातून आलेली पाकिटं उसवून
त्यांच्या टेबलावर ठेवते, कोरी बाजू वर,
हिशेबाला.

मंदीच्या साली चौदा महिने
साहेबांनी स्वतःचा पगार घेतला नाही.
तरी सात तारखेला रांगेत असायचे,
कॉइलिंगवरच्या तुपेंच्या मागे.
सही करायचे, पाकीट घ्यायचे. रिकामं.
ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक.
तुपे एकदा म्हणाले, तुमचं जाड असेल, साहेब!
साहेब हसले,
खिशावर हात ठेवून हसले.

काल बाणेरहून ईशान वाकणकर आला.
वय एकतीस, पायात चपला,
बरोबर लॅपटॉपवाल्या दोन मुली.
त्याला आमचा कारखाना विकत हवाय.
'महिन्याला चाळीस लाख जाळतो आम्ही,' म्हणाला,
जसं कुणी सांगावं, सकाळी तळजाईला फिरायला जातो.
साहेबांनी नकळत
पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

'तुमचा आकडा सांगा, सर.'
साहेबांनी पाकिटाच्या पाठीवर काही लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं,
आणि पालथं घालून त्यावर हात ठेवला.
वाट बघून ईशाननंच आकडा सांगून टाकला.
मोठ्यानं.
जेवणाची सुट्टी, मशिनं थांबलेली, दार उघडं.
मी उठून दार लावलं,
आत कुणी आजारी असावं तसं.

'यातले तुमचे किती?'
'माझे? एक रुपयाही नाही.'
'आणि बुडाले तर?'
'फंडाचे बुडतील.'
साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
'झोप छान लागत असेल तुम्हाला.'
मुली हसल्या. ईशान हसला नाही.
'तीनला जाग येते,' म्हणाला, 'रोज.
मोबाइलवर शिल्लक बघतो. लोकांची.
मग पडून राहतो.'
'मला पावणेतीनला,' साहेब म्हणाले.
'मी पाणी पितो.'

चहा आला. दोघांनीही बिनसाखरेचा घेतला.
ठरलं काहीच नाही. जिन्यापर्यंत सोडताना
साहेब म्हणाले, 'कळवतो.'
पुण्यात 'कळवतो'चा अर्थ काय
हे पोराला कळलं असावं,
कारण त्यानं वाकून नमस्कार केला,
आणि साहेबांनी पाय मागे घेतले नाहीत.

संध्याकाळी टेबल आवरताना पाकीट उलटलं.
पेन्सिलीनं लिहिलेले तीन आकडे,
तिन्ही खोडलेले,
आणि प्रत्येक खालचा
वरच्याहून लहान.

मी खुर्चीत बसले.
सवयीनं तिन्हींची बेरीज केली.
ईशाननं सांगितलेल्या आकड्याला
ती पुरत नव्हती.

मग पाकिटाची पुढची बाजू पाहिली.
विजेचं बिल होतं.
भरायची शेवटची तारीख उद्याची.