लांबोडी

सहार गावठाणातल्या माझ्या खिडकीपासून
टोरांटोतल्या लेविनाच्या खिडकीपर्यंत
साडेबारा हजार किलोमीटर,
म्हणजे विमान नाकासमोर उडालं तर.
ते तसं उडत नाही.
मध्ये कुठल्याशा वाळवंटातल्या विमानतळावर पाच तास,
पट्टा काढा, बूट काढा, पुन्हा घाला.
दारापासून दारापर्यंत सव्वीस तास, ती म्हणाली,
त्यातले साडेनऊ घड्याळाने परत दिले.
थंडीत साडेदहा देतं.
का, ते तिने दोनदा समजावलं.
मी दोनदा हो म्हणालो.

माझा आजा, इनास, बिडीत अंतर मोजायचा.
मरोळची बावडी अर्धी बिडी.
मोतमाउलीची जत्रा सात,
परतताना, घेतली असेल तर, नऊ.
त्यापलीकडचं त्याने मोजलं नाही.
तिथे ओळखीचं कुणी राहत नव्हतं.

शेताचं नाव लांबोडी.
अरुंद, लांबच लांब, टोकाला एक भोकर.
रेडे जुंपून या बांधावरून त्या बांधाला जाऊन यायला
किती वेळ?
तव्यावरची भाकरी करपेल इतका,
असं माझा बाप सांगायचा, आणि त्यालाही ते
सांगूनच माहीत होतं.
कारण तोवर कागद आला होता,
थोडे पैसे आले, त्यातून घरावर कौलं आली,
आणि भोकर गेलं.

त्याच धावपट्टीचे दिवे मी एकतीस वर्षं बदलले.
रात्री, दोन विमानांमधल्या फटीत,
पान्हा, फडकं, कानाशी खरखरणारा वायरलेस.
कुठले दिवे लांबोडीत येतात, मला पक्कं ठाऊक.
हाताखालची पोरं आपसांत हसायची:
साहेब एकच काच जास्त पुसतात.

लेविना गेली त्या रात्री माझी पाळी होती.
बदलून मिळाली असती. मी मागितली नाही.
तिची आई, मावशा, सगळा गोतावळा काचेच्या दाराशी,
मी जीपच्या आडोशाला, गवतात.
विमान वळलं. थांबलं,
घरी काहीतरी विसरल्यासारखं.
मग सुटलं.

मी ज्या दिव्याची काच पुसतो तिथून
भोकराच्या जागेपर्यंत तीन सेकंद.
घड्याळात नाही पाहिलं, तोंडाने मोजले,
एक, दोन, तीन.
चाकं अजून जमिनीवरच होती.
नंतर वायरलेसवर कुणीतरी म्हणालं,
मधल्या रांगेतला एक दिवा गेलाय, बघून घ्या.
मी बघून घेतला.

आता फोनवर तिचा मुलगा येतो, पाच वर्षांचा,
त्याच्या हातात दुधाचा कप, माझ्यासमोर रात्रीचं ताट.
मोडक्या मराठीत विचारतो,
पप्पा, तुझं घर किती लांब?

मी सांगतो,
आपल्या शेतातून तीन सेकंद, बाळा.
पुढचं त्या पायलटला विचार.