दोन व्होल्ट

लोणकर पोस्टमास्तर आले ते पिशवी पोटाशी धरून,
आर्वी रोडनं सायकल लोटत, दुपारी दोनच्या उन्हात.
पिशवीत पिवळी गाडी. वीतभर. रिमोटची.
“भाच्याची हाय,” म्हणाले.
मी अजून विचारलंही नव्हतं.

मी विहिरीवरच्या मोटारी भरते.
तांब्याची तार, वार्निशचा वास, जळलेल्या कॉइलीचा ढीग.
खेळण्यांसाठी माझं टेबल रिकामं नसतं.
पण या माणसानं पंधरा वर्षं
भावाच्या मनिऑर्डरी माझ्या हातावर मोजल्या,
नोटा नेहमी एका तोंडानं लावून.

“काय होते?”
“हवेत धरली का चाकं भिंगरीवानी.
खाली ठेवली का दहा पावलं, अन् बंद.
दोन मिनिटं थांबा, पुन्हा दहा पावलं.”
सांगताना त्यांचं बोट
नसलेला खटका ओढत होतं.

मीटर लावला. आठ पॉइंट तीन. भरलेली.
दोन्ही सेल सारखे, कुठं फुगवटा नाही.
पण बसल्या जागी तर गावातला प्रत्येकच पहिलवान.

चाक काढलं. मागच्या आसाला कापूस गुंडाळलेला,
बंद पडलेल्या जिनच्या आवारातला, एक सरकीसुद्धा.
“भाचा जिनमधी पळवते वाटते?”
“संध्याकाळी. पोस्ट बंद झालं का.”
मग सावरले. “म्हंजे, तो.”

चिमट्यानं कापूस उपसला.
आता बारा पावलं.

मग गोणपाट अंथरलं.
“दाबून धरा खाली. ओढा.”
गाडी गोणपाटात नखं रोवून थरथरली
आणि मी आकडे वाचले:
बॅटरीच्या तोंडाशी सात पॉइंट सात,
चार बोटं पुढं, लाल पिनेच्या पलीकडं,
पाच पॉइंट सात.
चार बोटांच्या वाटेत दोन व्होल्ट कुठं गेले?
पिनेला बोट लावलं.
चटका.

गाडी बिचारी हिशोबी.
तिला वाटतं बॅटरी संपत आली, म्हणून आपणच थांबते.
पोट भरलेलंच असतं, घास घशात अडकतो.

वरची नळी ब्लेडनं सोलली.
आत डाख, चुलीतल्या राखेच्या रंगाचा, रवाळ,
तारेला नुसता टेकलेला.
कच्चा. राळ न लावता, भीतभीत, कमी तापवून.
“हे भाच्यानं केलं?”

तेवढ्यात लाईन गेली.
पंखा सावकाश थांबला, तोवर ते बोलले नाहीत.
“नाई. म्याच.
रात्री अकराले. शेजारचा दिवा इझल्यावर.
अठ्ठावन्न वर्साचा माणूस, लोकं काय म्हणतीन.”

मी स्टोव्ह पेटवला.
बाबांची जाड कावी निळ्या जाळावर धरली,
जुना डाख वितळवून फरशीवर झटकला,
तार खरवडली तांबडी होईस्तोवर.
राळेचा धूर वर गेला, आणि डाख
पाणी मुळात शिरावं तसा तारेत शिरला.
थंड होईपर्यंत हलवायचं नसतं.
आम्ही दोघांनीही श्वास धरला.
चकाकला.

रस्त्यावर सोडली.
दहा पावलं. वीस. पानठेला गेला.
रुमदेवच्या बकऱ्या बाभळीखाली उधळल्या
आणि लोणकर मागं धावले,
एक चप्पल माझ्या दारातच राहिली.
“काकाजीची गाडी! काकाजीची गाडी!” पोट्टे ओरडले.
या वेळी भाच्याचं नाव निघालं नाही.

परत आले धापा टाकत,
पिनेला बोट लावून पाहिलं, थंड.
“किती झाले?”
“एक चक्कर,” म्हटलं, आणि हात पुढं केला.

रिमोट दिला त्यांनी. पण लगेच सोडला नाही.
“हळू ओढजो बाई,” म्हणाले,
“मोड्यावर ते डावीकडं पळते.”