गाळणकागद

आठवड्यातून दोनदा
सड्यावरच्या शाळेच्या गच्चीवर चढतो मी.
यंत्राचं झाकण उघडून
चिमट्याने कागद काढतो.
सकाळी पांढरा ठेवलेला असतो.

खाली वास्कोचं बंदर. क्रेनचा जबडा
जहाजातून कोळसा उचलतो, वॅगनीत सोडतो,
आणि वारा, ज्याला कुठलंच परिपत्रक आलेलं नाही,
आपला वाटा घेऊन टेकडी चढतो.

आधीचं वजन, नंतरचं वजन.
वजाबाकी हीच माझी नोकरी.
आकडा पणजीला पोचतो तेव्हा
त्याला वास नसतो.

यंदा ऑफिसात नवा तक्ता लागला:
अमुक सालापर्यंत अमुक टक्के घट.
हिरवा बाण, उतरता,
बालवाडीच्या घसरगुंडीसारखा.
साहेब म्हणाले, लक्ष्य गाठायचंय.
पावसाळ्यात बाण आपोआप उतरतो;
तेही अहवालात आमच्याच नावावर.

शाळेला लागून क्लोटिल्डा बाय राहते.
तिचं यंत्र म्हणजे एक ओलं फडकं.
बाल्कांवाची बैठक, खुरसाचे हात,
नवऱ्याच्या फोटोची काच
रोज पुसते, रोज पिळते
आणि बादलीतलं पाणी मला दाखवते,
जणू मी सहीशिक्का मारून घेणार आहे.
"किती आलं रे आज?"
सरासरी काढावी लागते, बाय. वर्षाची.
"म्हणजे नाताळापर्यंत खोकू नको म्हणतोस?"

तिचा नातू फ्लाविनो, तिसरीत.
दप्तरात डबा, कंपास, निळा पंप.
त्याच्या बाईंनी एकदा हजेरीपट उघडून दाखवला:
जुलैत एखादी फुली,
जानेवारीत फुल्यांना फुल्या चिकटलेल्या.
माझा आलेख मी ओळखला.
बोललो नाही.

परवा दोन जहाजं एकदम लागली.
दुपारी वीज गेली, ती रात्री आली.
यंत्राचे तास भरले नाहीत;
नियमाप्रमाणे तो दिवस बाद.
रकान्यात आडवी रेघ मारली,
कागद पाकिटात घातला.

उतरताना पाहिलं:
बाय पायरीवर बसलेली,
पोराची पाठ चोळत,
आणि तो श्वास घेत होता, विजेशिवाय,
मोजून मोजून.

दोरीवर फडकं वाळत होतं.
मी चिमटा अजून हातातच घेऊन उभा.